नववा महिना एकट्या बाईचा नव्हे!

सोयाबीन घरात आले आणि कापसाची वेचणी सुरू झाली की आमच्या कारंजा तालुक्यातल्या बायांना दम घ्यायला सवड उरत नाही. पहाटे भाकरी थापायच्या, धनज, पोहा, उंबर्डा बाजारच्या वाटेने ऑटोत दाटीवाटीने बसून शेत गाठायचे, कमरेला ओटी बांधायची आणि दिवस मावळेपर्यंत वाकून बोंडे वेचायची. वेचणी किलोवर असते. जितके वाकाल तितके पैसे.

परवा अशाच एका ऑटोत एक पोटुशी पोर दिसली. पोट इतके पुढे आलेले की ओटी समोर बसत नव्हती, म्हणून तिने ती एका बाजूला कमरेवर घेतली होती. आमच्यासोबतच्या कार्यकर्त्या ताईंनी विचारले, "कितवा वं बाई?"

"नववा लागला."

"मंग घरी बसावं ना!"

"घरी बसून पोट भरते काय ताई? वेचणी दोन महिन्याची. मंग कोन देते काम?"

ताई गप्प झाल्या, आम्हीही गप्प झालो. सातव्या महिन्यात याच पोरीची ओटी भरली गेली असेल, नवे लुगडे नेसवून फोटोही काढला असेल. एक ओटी समारंभाची, दुसरी कापसाची. पहिली एका दिवसात उरकते, दुसरी कळा लागेपर्यंत कमरेची सुटत नाही.

वाचक बंधू-भगिनींनो, परमपूज्य बाबासाहेबांनी या प्रश्नावर २८ जुलै १९२८ रोजी मुंबईच्या कायदे कौन्सिलात भाषण केले होते. गिरण्या-कारखान्यांतल्या बायांना बाळंतपणाच्या आधी आणि नंतर पगारी विश्रांती द्यावी, असे ते विधेयक होते. विरोधकांचे म्हणणे, याचा भार मालकाने का सोसावा? बाबासाहेबांनी ठामपणे सांगितले की बाळंतपणाआधी आईला ठरावीक काळ विश्रांती मिळणे हे साऱ्या राष्ट्राच्या हिताचे आहे. म्हणून हा भार सरकारने उचलावा, पण बाईच्या श्रमाचा फायदा मालक घेतो, तेव्हा त्यालाही हात झटकता येणार नाही. १९२९ साली मुंबई इलाख्यात तो कायदा झाला. पुढे १९४२ ते १९४६ या काळात केंद्रात मजूरमंत्री असताना खाणीत राबणाऱ्या बायांच्या प्रसूतीभत्त्याच्या कायद्यातही त्यांनी सुधारणा घडवून आणल्या.

कौन्सिलात उभा राहिलेला हा माणूस नुसता कायदेपंडित नव्हता. रमाईंच्या पाच लेकरांपैकी एकटे यशवंतराव जगले. शेवटचा राजरत्न १९२६ साली गेला. त्यानंतर दोनच वर्षांनी हे भाषण झाले आहे, हे आपल्या पोरांना आपण सांगतो का?

स्वतंत्र भारतात १९६१ चा प्रसूती लाभ कायदा आला. २०१७ च्या दुरुस्तीने पगारी रजा २६ आठवड्यांची झाली, त्यातले ८ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. सामाजिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद कायम आहे. पण ती दहा किंवा जास्त माणसे कामाला असलेल्या आस्थापनेला लागू होते. किलोवर कापूस वेचणाऱ्या बाईच्या हाती तिच्यातले काही पडत नाही. तिचा कायदा तिच्या घरच्या माणसांनीच करायचा आहे.

<b>आमची चूक</b>

हे सांगणारे आम्ही फार शहाणे आहोत असे कोणी समजू नये. २००७ सालची गोष्ट. आमच्या पत्नीचे पहिले बाळंतपण होते. तारखेला वीस दिवस आहेत असा हिशेब करून आम्ही ४ डिसेंबरला वस्तीतल्या मंडळींसोबत मूर्तिजापूरला गाडीत बसलो आणि चैत्यभूमीला निघालो. घरी आमची म्हातारी माय आणि पत्नी.

पाच तारखेच्या रात्री तिला पाणी गेले. तेव्हा १०८ ची गाडी नव्हती, ती महाराष्ट्रात २०१४ साली आली. बायांनी जीपवाल्याला उठवले, तो आगाऊ पैसे मागू लागला. पैसे होते, पण पेटीत. पेटीची किल्ली आमच्या खिशात, आणि आम्ही दादरला! तपासणीची फाईलसुद्धा 'हरवू नये' म्हणून आम्ही त्याच पेटीत ठेवली होती. शेवटी शेजारच्या बाईने भिशीचे पैसे काढून दिले आणि जीप साठेक किलोमीटरवरच्या अमरावतीला निघाली. मुलगी झाली, जेमतेम दोन किलोची. पत्नीला रक्तस्राव सुरू झाला. रक्तगट कोणता, हे सोबतच्या एकाही बाईला ठाऊक नव्हते. तपासणी करून रक्त मिळेपर्यंत जो वेळ गेला तो आमच्या नावावर लिहिलेला आहे. मागून आलेल्या वस्तीतल्या एका पोराने रक्त दिले. आम्हाला बातमी कळली ती सहा तारखेला दुपारी, शिवाजी पार्कजवळच्या टेलिफोन बूथवरून सहज घरी विचारपूस केली तेव्हा.

दोघी वाचल्या. मुलगी आता कॉलेजात जाते. पत्नीने त्या दिवसांबद्दल आम्हाला एकदाच सुनावले. म्हणाली, "दादरले लाखो मानसं होते. इथं एक पाह्यजे होता."

त्या वाक्याने आम्हाला जे शिकवले ते बी.कॉम.च्या तीन वर्षांत कोणी शिकवले नव्हते.

<b>तारीख म्हणजे काय?</b>

यंदा आमची भाची पहिल्या बाळंतपणासाठी आमच्याकडे आली आहे. तिची शेवटची पाळी ४ मार्चला आली होती. त्यात सात दिवस आणि नऊ महिने मिळवले की ११ डिसेंबर येते. डॉक्टरांनी कार्डावर लिहिलेली तारीख हीच. आमच्यासारखे पुरुष ही तारीख कोर्टाच्या तारखेसारखी धरून बसतात. पण बाळ तारीख पाहून येत नाही. सदतीस आठवडे पूर्ण झाले की बाळ पुऱ्या दिवसांचे समजावे, म्हणजे भाचीच्या बाबतीत २० नोव्हेंबरपासून पुढे केव्हाही. तेव्हा सगळी तयारी तारखेच्या आधी महिनाभर झालेली पाहिजे.

या महिन्यात दर आठवड्याला तपासणी, रक्तदाब, वजन आणि हिमोग्लोबिन पाहणे आलेच. दर महिन्याच्या नऊ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर मातांची खास मोफत तपासणी असते, २०१६ पासून. हिमोग्लोबिन अकराच्या खाली म्हणजे रक्त कमी, सातच्या खाली म्हणजे धोका. देशातल्या गरोदर बायांत निम्म्याहून अधिक जणींना रक्त कमी असते, असे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आढळले आहे. लोहाच्या गोळ्या अंगणवाडीतून फुकट मिळतात आणि पुष्कळ घरांत त्या फळीवर पडून असतात. शौच काळी होते, मळमळते, म्हणून बाया घेत नाहीत. गोळी रात्री जेवणानंतर लिंबूपाण्यासोबत घ्यावी, चहासोबत घेऊ नये. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी घ्यावी.

आता खाण्याचे. "शेवटच्या महिन्यात कमी खाय, नाहीतर लेकरू मोठं होऊन अडते," हे आमच्या मायनेही भाचीला पहिल्याच दिवशी सांगितले. हा समज कित्येक पिढ्यांचा आहे आणि साफ खोटा आहे. कमी खाल्ल्याने बाळंतपण सोपे होत नाही, आई अशक्त होते आणि बाळ कमी वजनाचे निघते. अडीच किलोच्या आतले बाळ म्हणजे थंडीच्या दिवसांत मोठी काळजी. ज्वारीची भाकर, तुरीचे वरण, पालेभाजी, शेंगदाणे-गूळ, अंडे, परवडेल तेव्हा मटण किंवा मासळी, हे सारे चालते. पोटाला जागा कमी असते म्हणून चार-पाच वेळा थोडे थोडे खावे. ग्रहणात सुरी धरली तर बाळाचा ओठ फाटतो, काळा दोरा बांधला नाही तर दृष्ट लागते, अशा गोष्टींचे ओझे आपण १९५६ सालीच खाली ठेवले आहे. ते पुन्हा उचलू नये.

कामाचे म्हणाल तर चालणे-फिरणे, बसून भाजी निवडणे यात काही वावगे नाही. पण वाकून वेचणी, डोक्यावर पाण्याचे हंडे आणि भर उन्हातली मजुरी या महिन्यात थांबलीच पाहिजे. ते पैसे कुठून यायचे? नवऱ्याचा तंबाखू-खर्रा आणि मित्रांसोबतची बैठक महिनाभर बंद केली तर काही तरी हाती लागतेच. आम्ही वस्तीत हे बोललो तेव्हा दोन-तीन जण उठून गेले. जाऊ द्या.

बाळाची हालचाल आईने रोज लक्षात ठेवावी. नेहमीपेक्षा हालचाल मंदावली किंवा थांबली तर 'उद्या पाहू' म्हणू नये, त्याच वेळी दवाखाना गाठावा. डोके फार दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी, चेहरा व हात सुजणे, ताप, झटके, अंगावरून रक्त किंवा पाणी जाणे, यांपैकी एकही गोष्ट घडली तर कळांची वाट पाहायची नाही. खऱ्या कळा ठरावीक अंतराने येतात, अंतर कमी होत जाते, जोर वाढत जातो. खोट्या कळा थोडे चालले किंवा आडवे झाले की ओसरतात. झोपताना पाठीवर न झोपता कुशीवर, शक्यतो डाव्या कुशीवर झोपावे.

<b>सिकलसेलचा कागद</b>

एका गोष्टीवर आम्हाला जास्त बोलायचे आहे, कारण ती आपल्या घरातली आहे. विदर्भात सिकलसेलचा आजार आदिवासी बांधवांत आणि आपल्या समाजात मोठ्या प्रमाणावर आढळतो. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, सांधे-हाडे दुखतात, रक्त वारंवार कमी होते. पुष्कळजण नुसते वाहक असतात, त्यांना काही त्रास नसतो, म्हणून माहीतही नसते. आई आणि बाप दोघेही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते. लग्नाच्या बोलणीत हुंडा-मानपान नको म्हणतो, पण सिकलसेलचा कागद मागायला आपण लाजतो!

नववा महिना लागेपर्यंत ही तपासणी झाली नसेल तर लगेच करावी, सरकारी दवाखान्यात ती मोफत आहे. २०२३ च्या जुलैपासून केंद्राची सिकलसेल निर्मूलन मोहीमही सुरू आहे. बाई नुसती वाहक असेल तर घाबरण्याचे कारण नाही, बाळंतपण इतरांसारखेच होते. पण आजार असेल तर तिचे बाळंतपण रक्ताची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयातच झाले पाहिजे, आणि ते कुठे, हे कळा लागण्याआधी ठरले पाहिजे. तिने पाणी भरपूर प्यावे, थंडीपासून जपावे, लोहाच्या गोळ्याही डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात. बाळाची तपासणीही जन्मानंतर करून घ्यावी.

१४ एप्रिलला आणि ६ डिसेंबरला आपली पोरे रक्तदान शिबिरे घेतात, छान करतात. त्यांच्याच वहीत वस्तीतल्या गरोदर बायांचे रक्तगट आणि त्या गटाच्या दोन-दोन पोरांची नावे लिहून ठेवली तर? आमच्या वस्तीत यंदा ही वही तयार झाली आहे.

<b>महामायेची वाट</b>

पहिले बाळंतपण माहेरी करायची रीत जुनी आहे. महामायासुद्धा दिवस भरत आल्यावर कपिलवस्तूहून माहेरी देवदहाला निघाली होती आणि वाटेत लुंबिनीच्या वनात तिला कळा आल्या. सिद्धार्थ सात दिवसांचा असतानाच ती गेली. राणीच होती ती, पालखी होती, दास-दासी होत्या. लुंबिनीचे चित्र आपल्या प्रत्येक विहारात असते. त्या चित्रापुढे उभे राहिलो की आम्हाला आता ती जीपही आठवते.

तेव्हा माहेरी जायचे असेल तर सातव्या-आठव्या महिन्यातच जावे, शेवटच्या आठवड्यात एसटीचे धक्के खात नको. सासरच्या आशाताईला सांगून निघावे आणि माहेरच्या आशाताईकडे पोचल्याबरोबर नाव घालावे. कारंज्यात उपजिल्हा रुग्णालय आहे. पण अवघड बाळंतपण असेल तर वाशीम, अकोला किंवा अमरावती, म्हणजे साठ-सत्तर किलोमीटर. एकेकाळी आमच्या आज्या शकुंतला रेल्वेने निवांत मूर्तिजापूर गाठायच्या. आता ती गाडीही धावत नाही. १०२ आणि १०८ हे दोन क्रमांक चुलीजवळच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहावेत. ती गाडी कुठे अडकली तर म्हणून वस्तीतल्या एका वाहनवाल्याशी आधीच बोलून ठेवावे, भाडे तेव्हाच ठरवावे.

<b>कागदांची गोष्ट</b>

आम्ही कारकून माणूस, त्यामुळे कागदाकडे आमचे लक्ष आधी जाते. २०११ पासूनच्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सिझेरियन, औषधे, तपासण्या, रक्त, जेवण आणि जाण्या-येण्याची गाडी, सगळे मोफत आहे. 'बाहेरून औषध आणा' म्हटले तर नम्रपणे पण ठामपणे विचारावे. जननी सुरक्षा योजनेत अनुसूचित जाती-जमातीच्या आणि दारिद्र्यरेषेखालच्या मातेला ग्रामीण भागात ७०० आणि शहरी भागात ६०० रुपये मिळतात. पंतप्रधान मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये दोन हप्त्यांत मिळतात, दुसरे अपत्य मुलगी झाली तर ६,००० रुपये. घरातले कोणी बांधकाम कामगार मंडळाकडे नोंदलेले असेल तर पहिल्या दोन बाळंतपणांना साध्यासाठी १५,००० आणि सिझेरियनसाठी २०,००० रुपयांची तरतूद आहे. ही नोंदणी पुष्कळ गवंडी-बिगारी बांधवांनी केलेलीच नसते.

आणि पैसे अडकतात कशाने? नावाने! आधारवर माहेरचे आडनाव, पासबुकावर सासरचे, कार्डावर आशाताईने ऐकले तसे. एकाच बाईच्या तीन कागदांवर तीन बाया होतात. जातीच्या दाखल्याचेही तसेच. १९९० साली संसदेने कायदा करून बौद्धांना अनुसूचित जातीच्या केंद्रीय सवलती दिल्या, तरी कुठल्याशा टेबलावर अजून 'बौद्ध म्हणजे काय लिहू?' असा प्रश्न येतो. हे वाद आठव्या महिन्यात मिटवावेत, ओल्या बाळंतिणीला रांगेत उभे करू नये.

बाळाची जन्मनोंद २१ दिवसांत झाली पाहिजे. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांना शाळेपासून पुढे सगळीकडे जन्मदाखलाच लागणार आहे. आणि १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या बाळाच्या नावात महाराष्ट्रात बापाच्या आधी आईचे नाव लागते. भाचीने हे ऐकले तेव्हा ती दोनदा म्हणाली, "खरंच काय मामा?"

<b>पिशवी</b>

आता भाचीची पिशवी. जुन्या सुती लुगड्याचे मऊ धुतलेले तुकडे, उन्हात वाळवलेले. दोन झबली, टोपडे, पायमोजे, दुपटे. डिसेंबरची थंडी म्हणून मायने शिवलेली लहान गोधडी. भाचीसाठी दोन गाऊन, पॅड, चादर, तांब्या, साबण. वेगळ्या प्लॅस्टिकच्या पाकिटात माता-बाल संरक्षण कार्ड, सोनोग्राफी, रक्तगट, सिकलसेलचा अहवाल, आधार, पासबुक आणि थोडे रोख पैसे. पिशवी दाराजवळच्या खुंटीला टांगली आहे. पेटीत नाही!

सोबत कोण जाणार हेही ठरले आहे. २०१६ पासून सरकारी रुग्णालयात कळा देताना बाईजवळ तिच्या घरची एक अनुभवी बाई थांबू शकते, पण ही गोष्ट मागितल्याशिवाय कोणी सांगत नाही. आमची पत्नी थांबणार आहे. बाळ झाल्यावर काय करायचे नाही, याची शिकवणी तिने आमच्या मायला आठवडाभर दिली: मध नाही, गुटी नाही, साखरपाणी नाही. तासाच्या आत आईचे दूध, पहिला पिवळा चीक सुद्धा, तोच बाळाचा पहिला डोस. लगेच आंघोळ नाही, कोरडे पुसून आईच्या छातीशी ठेवायचे. नाळेला हळद-तेल नाही, डोळ्यांत काजळ नाही. बाळंतिणीच्या बाजेखाली धुराची शेगडी नाही. चोवीस तासांत बीसीजी, पोलिओ आणि कावीळ 'ब' च्या लसी. माय शेवटी म्हणाली, "मंग माह्या हातानं करासारखं काय ठेवलं तुम्ही?" तिला सांगितले, बाळ कमी वजनाचे निघाले तर त्याला छातीशी धरून ऊब द्यायला आईइतकाच आजीचा हातही चालतो. तेव्हा कुठे ती हसली.

जावईबुवा पुण्याला कंपनीत कंत्राटी कामावर आहेत. त्यांना आम्ही स्पष्ट कळवले की रजा ११ तारखेपासून नको, आधीपासून काढा. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला, एक डिसेंबरला निघतो म्हणाले. स्वतःचा रक्तगटही तपासून घेतला आहे.

यंदा सहा डिसेंबरचे तिकीट आम्ही काढलेले नाही. मंडळी दादरला जातील, आम्ही वस्तीतल्या विहारात वंदना घेऊ. समोरच्या गल्लीतल्या ऑटोवाल्या पोराशी बोलणे झाले आहे. काल रात्री त्याला पुन्हा आठवण द्यायला गेलो तर तो अंथरुणातूनच ओरडला, "काका, गॅस भरून ठेवला हाय. तुम्ही झोपा आता!"